अकरा वेढे आणि जिन्यातला दिवा

वाइंडिंगबाईचं नाक वर असायचं, आणि ते का वर आहे हे ती विचारेल त्याला सांगायची, न विचारेल त्यालाही. पंख्यांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं मोटारींच्या कॉइली गुंडाळल्या. एकही परत आली नाही. शाळा चौथीत सुटली, पण बोटांना जी मोजणी येत होती ती भल्याभल्या कारकुनांना कागदावर साधत नसे. शेजारणीशी भांडता भांडता ही बाई तारेचे चारशे वेढे घालायची, आणि चारशे म्हणजे चारशेच. एक कमी निघाला तर नाव बदलीन म्हणायची. ते काही बदलावं लागलं नाही. उलट खरं नावच लोक विसरले आणि उरली ती वाइंडिंगबाई.

तिचा नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, कारण घरातलं बोलायचं काम आधीच दुसऱ्या कुणी घेतलेलं होतं. जिन्याखालच्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. तिथे आता शिंपी बसतो. दुकान बंद केलं तेव्हा त्याने वर काय आणलं, तर सोल्डर गन, हातात मावेल असा एक छोटा रेडिओ, आणि जुन्या सामानाने भरलेली एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत सामान आहे असं तो म्हणायचा. बाई त्याला भंगार म्हणायची.

आणि एक लेक होती. तान्हेपणी ती रडायला लागली की कारखान्याची सुट्टी झाली समजून लोक डबे उचलतील, असं बाई म्हणायची, म्हणून घरात तिचं नाव भोंगा पडलं. भोंगा शिकली, मोठी झाली. बाईने चार दारांचे उंबरे झिजवून तिला टपाल कचेरीतल्या खिडकीवर चिकटवली. पक्का पगार, म्हातारपणी पेन्शन, बसायला खुर्ची. दोन वर्षं भोंगा त्या खुर्चीत बसली, आणि एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाली की सोडली. दूर, डोंगरांच्या पार पलीकडे, समुद्राकाठच्या एका गावात लहानसं रेडिओ स्टेशन आहे, तिथे सकाळी बोलायचं काम मिळालंय. कुठे बसून बोलायचं? एका खोलीत. कुणाशी? कुणाशी नाही, माइकशी.

बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. पुष्कळ काही बोलली. त्यातलं बहुतेक तिचं तिलाच आता आठवत नाही. शेवटचं एक मात्र राहिलं.

"रिकाम्या खोलीत बसून बडबडणार. कोण बसलंय तुला ऐकायला?"

लेकीने बॅग उचलली आणि ती जिना उतरली. जिन्यात तेव्हा दिवा नव्हता, आणि खालून तिसरी पायरी फुटकी होती. वर दारात उभ्या असलेल्या बाईला आधी बॅग आपटल्याचा आवाज आला, मग गुडघा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग लंगडती पावलं रस्त्याला लागली. बाई खाली गेली नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. भोंग्याने आईला फोन केला नाही, आईने भोंग्याला केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही धडधाकट होता, दोन टोकं दोघी घट्ट धरून बसल्या होत्या. नवरा दर रविवारी खाली शिंप्याकडे जायचा आणि तिथून लेकीला फोन लावायचा. वर येऊन पाणी प्यायचा आणि म्हणायचा, शिंपी बरा आहे. म्हणजे लेक बरी आहे. एकदा म्हणाला, शिंप्याने खोली बदलली, नव्या खोलीला खिडकी आहे. शिंपी बिचारा जन्मल्यापासून एकाच खोलीत राहिलेला. बाई भाजी चिरत म्हणाली की वारा येत असेल मग. झालं, एवढंच. या घरात लेकीची विचारपूस अशी व्हायची.

याशिवाय सकाळचा रेडिओ होता. लेकीचं स्टेशन सहाला उघडायचं. लांबचा आवाज अंधारातून चालत येतो, उजेड झाला की वाटेतच विरतो, असं नवऱ्याचं म्हणणं. थंडीच्या दिवसांत इथे ऊन यायला साडेसहा व्हायचे, तेवढी पंचवीस-तीस मिनिटं काय ती मिळायची. उन्हाळ्यात तीही नाहीत. नवरा स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचा, कानात इअरफोन घालायचा आणि भिंतीकडे बघत हसायचा. बाई आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेली असायची. तो काय ऐकतो ते तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांत एकदाही तिने तो इअरफोन मागितला नाही. नळाला पाणी रोज येतं म्हटल्यावर कुणी हंडे भरून ठेवत नाही, तसं काहीसं.

यंदा थंडी पडली आणि रेडिओत गुरगुर सुरू झाली. भुकेल्या कुत्र्याने हाड धरावं तशी एकसारखी गुरगुर, आणि तिच्याखाली कुठेतरी दबलेलं लेकीचं बोलणं. नवऱ्याला वाटलं, रेडिओ म्हातारा झाला. रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. लांबचा आवाज धरायचं काम त्या कांडीचं. त्याने ट्रंकेतून तसलीच दुसरी कांडी काढली, टोकाला टोक चिकटवून लांबी दुप्पट केली. ती डब्यात मावेना, तर डब्याला भोक पाडलं. रेडिओ शेपूट बाहेर काढून बसलेल्या बोक्यासारखा दिसायला लागला. मग कॉइल कांडीवर केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत, जिथे आवाज सगळ्यात भरून आला तिथे तिला मेणाने बसवली. लांबची स्टेशनं वाढली, पण गुरगुरही वाढली. कान मोठा केला की शेजारची भांडणंही मोठी ऐकू येणारच.

अशात एका रविवारी तो खालून वर आला, पाणी प्याला, आणि शिंपी बरा आहे असं म्हणालाच नाही. बाई थांबली. मग त्याने सांगितलं. या एकतीस तारखेला ते स्टेशन बंद होतंय. पुढे सगळं बोलणं मोठ्या शहरातून येणार, लेकीला तिथेच कचेरीत टेबल देणार आहेत. पगार तोच. बोलायचं मात्र नाही.

"शिंप्याला," बाई म्हणाली, "वाईट वाटलं का?"

"आवाजावरून वाटलं तसं."

बाईने पातेलं घासायला घेतलं, आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. नऊ दिवस उरले होते. त्यानंतर लेकीचा आवाज ऐकायचा तर फोन उचलायला लागणार, आणि फोन उचलला की आधी कोण नमलं हे ठरलं. रेडिओचं तसं नव्हतं. रेडिओ ऐकणं म्हणजे काही बोलणं नव्हे. तिकडच्या माणसाला पत्ताही लागत नाही. मान खाली न घालता लेकीपर्यंत पोचायची ही एकच वाट होती, आणि ती आता नऊ दिवसांत बुजणार होती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने चार लाकडी पट्ट्या जोडून अडीच फुटांची चौकट केली आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळायला बसला. बाई येता-जाता बघत होती. तिसऱ्या फेरीला तिला राहवेना.

"ही तार गुंडाळलीय की वाळत घातलीय?"

तो म्हणाला, हात थरथरतात आता. ती म्हणाली, हात थरथरतात तर जीभ हलवायची, घरात कोण आहे ते विचारायचं. मग चौकट मांडीवर ओढून घेत तिने आपली बाजू आधीच राखून ठेवली.

"मला काही ऐकायचं नाही. पण असली गुंडाळी कुणी बघितली तर माझ्या घरात झाली म्हणतील."

आणि तिने ती गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटून, ताण एकसारखा, कोपऱ्यावर तार जराही न उचललेली. नख घालायला जागा नाही. नवऱ्याने तारेची दोन टोकं ट्रंकेतल्या एका जुन्या रेडिओच्या गँगला जोडली, म्हणजे ज्याची मूठ फिरवली की स्टेशनं बदलतात त्याला, आणि छोटा रेडिओ चौकटीशेजारी ठेवला. त्याला तार लावायची नसते, नुसता जवळ ठेवायचा. बाईला हे पटेना. न शिवता? न शिवताच, तो म्हणाला. मूठ फिरवली. अलीकडची दोन-तीन स्टेशनं उसळून आली, पण लेकीचं स्टेशन होतं पार उजव्या टोकाला, आणि तिकडे चौकट मुकी.

त्या संध्याकाळी नवरा नुसता मूठ फिरवत बसला. जेवताना बोलला नाही, पण तो एरवीही बोलत नसे. झोपायच्या आधी मात्र चादर झटकताना म्हणाला, "एक सांगू?"

"सांगा की. परवानगी कसली काढता?"

"वेढे चिकटले की तिला त्या टोकाची स्टेशनं धरता येत नाहीत. मध्ये काडीएवढी जागा हवी."

"जागा? एकतीस वर्षांत मी एका वेढ्याला जागा ठेवली असती तर मुकादमाने मला दाराबाहेर ठेवली असती."

"ती मोटार होती गं. तिला फिरायचं होतं. हिला ऐकायचंय."

बाईने त्याच्याकडे बघितलं आणि दिवा मालवला. सकाळी तो उठला तर ही खिडकीशी बसून आपलीच गुंडाळी उलगडत होती. आपल्या हाताने घातलेला वेढा तिने जन्मात कधी उलगडला नव्हता. मग चारी पट्ट्यांवर आगकाड्या मांडून, काडी, तार, काडी, तार, अशी तिने पुन्हा गुंडाळली. अकरा वेढे झाले. काड्या काढल्या तेव्हा वेढे असे उभे होते, जसे कारखान्याच्या दारात पहिल्या पाळीचे कामगार, शिस्तीत आणि एकमेकांना न ढकलता.

संध्याकाळी उजेड मावळताना त्यांनी चौकट लावून बघितली. बाईने असलं काही कधी ऐकलं नव्हतं. मूठ जराशी फिरवली की कुठलंतरी गाव खोलीत यायचं. कुणी न कळणाऱ्या भाषेत भाव सांगत होतं, कुणी हसत होतं, एक म्हातारा काहीतरी वाचत होता आणि मध्येच पान उलटल्याचा आवाज आला. बाई म्हणाली, पानसुद्धा ऐकू येतं? नवऱ्याने मान डोलावली. त्याच्या तोंडावर तीस वर्षांपूर्वीचं, दुकान उघडल्या दिवशीचं हसू होतं, आणि बाईने ते बघून ठेवलं, बोलून दाखवलं नाही.

पण सकाळी सहाला ती गुरगुर हजर. आता तर चौकटीएवढी मोठी. एरवी चौकट फिरवली की एखाद्या बाजूचा त्रास पुसून टाकता येतो. नवऱ्याने ती भोवऱ्यासारखी फिरवून बघितली, पण गुरगुर चहूकडून येत होती. तो म्हणाला, ही घरातलीच आहे, वायरीवायरींतून सगळीकडे पसरलीय. त्या दिवशी त्याने फ्रिजचं बटण बंद केलं, मोबाइलचा चार्जर काढला, भिंतीवरचं विजेचं घड्याळ उतरवलं. दुसऱ्या दिवशी सहाला गुरगुर होतीच. असे दिवस जात राहिले आणि तीस तारीख आली.

त्या पहाटे बाई डोळे मिटून पडली होती. नवऱ्याने चौकट सोडली, इअरफोन उपसून छोटा रेडिओ हातात घेतला आणि तो गुरगुरीचा माग काढत निघाला. बाईला सगळं ऐकू येत होतं. गुरगुर स्वयंपाकघरातून निघाली, बाहेरच्या खोलीत आली, वाढली. दाराची कडी वाजली. गुरगुर जिन्यात गेली आणि तिथे तिची डरकाळी झाली. मग एकदम रेडिओ बंद. बराच वेळ पाऊल वाजलं नाही. मग तो हळूहळू वर आला.

"कळलं का?" बाईने पडल्या पडल्या विचारलं.

"शिंप्याच्या मशिनीतून येतंय," तो म्हणाला. "आपल्या हातात नाही. राहू दे."

पहाटे सहाला शिंप्याच्या दुकानाचं शटर जमिनीला टेकलेलं असतं. बाईच्या जिभेवर आलं होतं. पण नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं, आणि न येणारं काम माणूस उगाच अंगावर घेत नाही. तिने कूस बदलली.

आता त्या जिन्यातल्या दिव्याचं. लेक गेली त्याच आठवड्यात बाईने जिन्यात होल्डर बसवून घेतला. तिसरी पायरीही त्याच आठवड्यात सिमेंट लावून नीट केली. पायरी नीट झाली म्हटल्यावर दिव्याचं काम संपायला हवं होतं, पण तो दिवा रोज अंधार पडला की लागायचा आणि उजाडल्यावर बंद व्हायचा. नऊ वर्षं एक रात्र चुकली नाही. कुणी विचारलं तर बाई म्हणायची, दूधवाल्यासाठी. दूधवाला साडेसातला यायचा, लख्ख उन्हात. पुन्हा कुणी विचारलं नाही. यंदा थंडीच्या तोंडावर जुना पिवळा बल्ब गेला, तेव्हा बाईने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवा, पांढरा, स्वस्तातला आणला. वीज खात नाही, असं दुकानदार म्हणाला होता.

दुपारी नवरा झोपल्यावर बाईने छोटा रेडिओ उचलला आणि ती जिन्यात उतरली. रेडिओ लावला. नुसती पावसासारखी बारीक खरखर. मग तिने दिव्याचं बटण दाबलं. रेडिओ अंगावर आल्यासारखा गुरगुरला. बंद केलं, गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा गुरगुर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाई खालून तिसऱ्या पायरीवर बसली.

तिला सगळं एकदमच कळलं. लेकीला वाट दिसावी म्हणून लावलेला दिवाच लेकीचा आवाज खात होता. आणि नवऱ्याला हे सकाळीच कळलं होतं. दिवा का जळतो हेही कळलं होतं, बहुधा नऊ वर्षांपासून. शेवटचा एक दिवस उरला असताना तो लेकीचा आवाज सोडायला तयार झाला, पण बायकोला, तो दिवा बंद कर, असं म्हणायला तयार झाला नाही.

बाई तिथे बसून हिशेब करत राहिली. सहाला लेक तिकडे माइकसमोर असते. म्हणजे सहाला ती या जिन्यात असूच शकत नाही. म्हणजे सहाला दिव्याची गरज नाही. पहिलीच्या पोराला जमेल असला हिशेब, आणि चारशे वेढे तोंडी मोजणाऱ्या बाईला तो नऊ वर्षं सुटला नव्हता. पण खरी अडचण तीही नव्हती. तो दिवा आपल्या हाताने बंद करणं म्हणजे नवऱ्यासमोर कबूल करणं, की तो कुणासाठी जळतो, आणि मला तिला ऐकायचंय.

एकतीस तारखेला पावणेसहाला बाई उठली. जिन्याचं दार उघडून बाहेर गेली. खाली पांढऱ्या उजेडात सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. तिने बटण दाबलं. जिना गेला. भिंत चाचपत ती आत आली आणि स्वयंपाकघरात स्टुलासमोर दुसरा स्टूल ओढून बसली.

नवरा डोळे चोळत आला. त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग बाहेरच्या दाराखालच्या फटीकडे. नऊ वर्षं तिथे उजेडाची रेघ असायची. आज नव्हती. त्याने चौकट टेबलावर उभी केली, रेडिओ तिला टेकवून ठेवला. मग सवयीने लावलेली इअरफोनची पिन रेडिओतून उपसली आणि खिशात टाकली.

मूठ फिरवली. गुरगुर नव्हती. एक लांबची, मोकळी शांतता होती, आणि तिच्यातून, जिन्यातून यावी इतक्या जवळून, लेक बोलली.

सहा वाजले, ती म्हणाली. वारा वायव्येचा, दुपारनंतर पडेल. धक्क्यावरची टाकी धुवायची आहे, तेव्हा पाणी आत्ताच भरून ठेवा. एक तपकिरी कुत्रा हरवलाय, दोन नावांना ओ देतो, दोन्ही नावं सांगते. आवाज तोच होता, पण त्यातली घाई गेली होती. पूर्वी ही पोरगी जेवताना तीन वाक्यं एका घासात बोलायची. आता एक वाक्य संपलं की जरा थांबायची, समोरच्याला घेऊ द्यायची. समोर कुणी नसताना. बाई स्टुलाची कड धरून बसली होती.

मध्येच लेक खोकली. मग पुन्हा एकदा, माइकपासून तोंड फिरवून. मग एक घोट.

"गार पाणी प्याली," बाई म्हणाली.

"गार की गरम, तुला काय कळतं?"

"गरम असतं तर घोट एवढा मोठा घेतला नसता. चूप बसा."

सहा वाजून सव्वीस मिनिटांनी खिडकीबाहेर उजाडायला लागलं आणि लेकीचा आवाज लाटेसारखा खालीवर व्हायला लागला. नवरा केसभर मूठ फिरवत त्याला धरून ठेवत होता. लेक म्हणत होती की आजचा हा शेवटचा दिवस. आमच्या तंत्रज्ञांना जाता जाता एक जाणून घ्यायचंय, की हा आवाज जास्तीत जास्त कुठवर जातो. कुणी लांबून ऐकत असाल तर कळवा. तारीख, वेळ, काय ऐकलं, कशावर ऐकलं, अडथळा होता का, एवढं लिहा. अहवाल बरोबर निघाला तर स्टेशनकडून सहीचं कार्ड येईल. पत्ता सांगते. पत्ता सांगता सांगता ती विरत गेली. शेवटची ओळ नवऱ्याने आठवणीतून पुरी केली; तो पत्ता त्याला पाठ होता.

ऊन ओट्यावर आलं. दोघं बसून होती. मग बाई म्हणाली, कागद द्या.

तो म्हणाला, मी लिहितो, तू सांग. ती म्हणाली, ऐकलं मी, लिहीन मी. वाणसामानाच्या यादीपलीकडे तिने कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. एक पान लिहायला तिला दुपार झाली, आणि अक्षरं एकमेकांवर रेलली. तारेचे वेढे जसे उभे राहिले तसं एकही अक्षर राहिलं नाही, याचा तिला फार राग आला. पण मजकूर नेमका होता. एकतीस तारीख. सहा ते सहा सव्वीस. वारा वायव्येचा, टाकी, कुत्रा तपकिरी, दोन नावं. बोलणारी दोनदा खोकली आणि गार पाणी प्याली. गरम पाण्याच्या गुळण्या कराव्यात. साधन, छोटा रेडिओ आणि अडीच फुटांची चौकट, वेढे अकरा, माझ्या हाताने गुंडाळलेले.

अडथळ्याच्या जागी तिने पेन्सिल बराच वेळ धरून ठेवली. मग लिहिलं: अडथळा आमच्याच घरातला होता. तो मी बंद केला.

खाली सही हवी. नाव तिने घातलं नाही. लिहिलं, ऐकायला बसलेली.

पाकीट तिने स्वतः पेटीत टाकलं, आणि पडल्याचा आवाज आला का ते कान लावून बघितलं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने पत्र्याची ट्रंक उघडली. तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच दुसरा पिवळा बल्ब काढला, काचेच्या आत तार असलेला. हा गुरगुरत नाही, म्हणाला. बाईने विचारलं की आता गुरगुरला काय आणि नाही काय, ऐकायचं काय उरलंय? तरी, तो म्हणाला, आणि स्टूल घेऊन जिन्यात गेला. बाईने स्टूल धरला. पांढरा बल्ब उतरला, पिवळा चढला. जिना पुन्हा नऊ वर्षांपूर्वीच्या रंगाचा झाला. त्या दिवसापासून बाईने ट्रंकेला भंगार म्हणायचं सोडलं. सामानही म्हणाली नाही. नुसतं ट्रंक म्हणायला लागली.

मधल्या रविवारी नवरा खाली जाऊन आला, पाणी प्याला. शिंपी बरा आहे, म्हणाला. खोकला कमी आहे. पत्राचं काही बोलला का, असं बाईने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. पण त्याने त्या दिवशी दोन पेले पाणी प्यायलं.

दहाव्या दिवशी कार्ड आलं. पुढच्या बाजूला समुद्र आणि एक उंच लोखंडी मनोरा. नवरा चष्मा शोधायला लागला. बाईने कार्ड त्याच्या हाताला लागू दिलं नाही. ते घेऊन ती खिडकीशी गेली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागली.

"अहवाल तपासला. तारीख, वेळ, मजकूर बरोबर. खोकला दोनदा, हेही बरोबर. पाणी गारच होतं. गुळण्या केल्या. आलेल्या सगळ्या अहवालांत हा सर्वांत लांबचा."

इथे ती थांबली. नवरा म्हणाला, पुढे? पुढे आहे, वाचतेय, ती म्हणाली, आणि कार्ड खिडकीच्या उजेडात जरा जवळ धरलं.

"शनिवारी येते. गाडी पोचेपर्यंत अंधार होईल. काळजी करू नका, तिसरी पायरी माझ्या लक्षात आहे. भोंगा."

बाईने कार्ड पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, आता मनात. मग ते पदराला पुसलं, त्याला काही लागलेलं नसताना.

"वेडी," ती म्हणाली. "पायरी नीट होऊन नऊ वर्षं झाली."

गुरुवारची दुपार होती. ती उठून जिन्यात गेली, आणि बटण दाबल्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या कशाला, असं नवऱ्याने आतून विचारलं.

"बघतेय," बाई म्हणाली, "नीट लागतो का."